गेराइंटचं मुखदर्शन

मंगळवार, ७ ऑगस्ट २०१८

ब्रिस्टलहून आठला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेदहाला. पोळ्यांचा डबा, मग चटणी कुठाय, मग पाण्याच्या बाटल्या कुणी भरल्या, एवढं झाल्याशिवाय आमच्या घरातली गाडी हलत नाही. लेक नऊ वर्षं इंग्लंडात राहते, पण या बाबतीत ती अजून कराडातच आहे.

कार्डिफला जाऊन सायकलवाल्या गेराइंटला बघायचा बेत जावईबापूंचा. त्यांच्या घरात माणसं तीन आणि सायकली पाच. त्यातल्या दोन हॉलच्या भिंतीला टांगलेल्या, आपल्याकडं लग्नातली बाशिंगं टांगून ठेवतात तशा. जूनमध्ये आम्ही दोघं इथं आलो आणि जुलैचे तीन आठवडे त्या भिंतीखाली बसून रोज दुपारी टूर द फ्रान्स ही सायकलची शर्यत बघितली. सुरुवातीला मला काही कळेना. आठ-आठ जणांचे २२ संघ, म्हणजे १७६ माणसं एका घोळक्यात चार-पाच तास सायकल हाणतात, आणि शेवटी समालोचक म्हणतो आज विशेष काही घडलं नाही! मग जावईबापूंनी फोड करून सांगितलं. संघातले सात जण एकासाठी वारा कापत पुढं राहतात, मागच्याची ताकद शिल्लक राहते, आणि ती डोंगरात उपयोगी पडते. हे मात्र मला लगेच पटलं. कॉलेजात असताना कारखान्याच्या रस्त्याला आम्ही उसाच्या ट्रकमागं सायकल लावायचो. पायडल मारल्यासारखं करायचं, बाकी काम ट्रक करायचा. जाता जाता एखादं कांडंही मोडून मिळायचं.

गेराइंट थॉमस हा मुळात त्या सातांतला. पुढाऱ्यासाठी वारा कापणारा. यंदा अकराव्या टप्प्याला ला रोझिएरला जिंकला आणि पहिल्या नंबरवाल्याची पिवळी जर्सी अंगावर आली. दुसऱ्या दिवशी ती घालूनच आल्प द्युएझची एकवीस वळणं चढून पुन्हा जिंकला. तरी सगळे म्हणत होते, आता घसरेल, एखादा दिवस वाईट जाईल. तो दिवस आलाच नाही. २९ जुलैला पॅरिसमध्ये पोचला तेव्हा ८३ तासांच्या वर सायकल चालवून दुसऱ्या नंबरच्या टॉम ड्युमुलाँपेक्षा तो १ मिनिट ५१ सेकंदांनी पुढं होता. टूर जिंकणारा पहिला वेल्श माणूस. खांद्यावर लाल ड्रॅगनचा झेंडा घेऊन भाषण केलं आणि शेवटी हातातला माइक सरळ खाली सोडून दिला. आमच्या नातवानं त्याच दिवशी टीव्हीचा रिमोट तसाच तीनदा सोडला. तिसऱ्यांदा मागचं झाकण तुटलं. आता रिमोटला रबरबँड आहे.

तर हा गेराइंट ९ तारखेला आपल्या गावी, कार्डिफला येणार, त्याचा सत्कार होणार, म्हणून आम्ही निघालो.

सेव्हर्न नदीच्या मुखावरचा मोठा पूल ओलांडला की वेल्स सुरू. टोल ५ पौंड ६० पेन्स, आणि तो फक्त वेल्समध्ये शिरताना. बाहेर पडायला फुकट. जावईबापू म्हणाले, हा टोल वर्षअखेर बंद होणार आहे. मी म्हटलं, आमच्याकडं हे वाक्य आम्ही फार वर्षं ऐकतोय.

पूल संपला आणि पाट्या दोन भाषांत बोलायला लागल्या. रस्त्यावर वळणाआधी पांढऱ्या रंगात शब्द लिहिलेला दिसला, तो आम्ही 'अराफ' असा वाचला. हळू, असा अर्थ. (उच्चार चुकला होता, तो दुरुस्त झाला गुरुवारी.) इंग्रजी खाली आणि वेल्श वर, असं बऱ्याच ठिकाणी. हिला फार बरं वाटलं. ही तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाली. दुकानांच्या पाट्यांवर मराठी किती मोठ्या अक्षरांत असावं यावर तिच्याशी वाद घालायला कराडात कुणी धजत नाही.

मुक्काम कटेज भागात, विद्यापीठाजवळ. एकाला एक चिकटलेली दगडी घरं, पुढं हातभर अंगण, मागं बोळ. उन्हाळ्यात पोरं गावी गेलेली, म्हणून खोल्या स्वस्त. संध्याकाळी बागेत चक्कर मारली तर हिरवळ कुठं दिसेना. यंदा या देशात पाऊस असा नाहीच. गवत वाळून पिवळं पडलेलं, एप्रिलातल्या आमच्या आगाशिवाच्या डोंगरासारखं. जावईबापूंनी सांगितलं की या कोरड्या उन्हाळ्यात वेल्सच्या शेतांमध्ये रोमन काळातल्या इमारतींच्या रेघा विमानातून दिसायला लागल्यात. खाली जुना पाया असेल तिथं पीक वेगळ्या रंगाचं येतं.

बुधवार, ८ ऑगस्ट

आज मेंडी. मला या सगळ्या सहलीत जे बघायचं होतं ते हेच, मिरवणुकीपेक्षासुद्धा जास्त.

मुक्कामापासून चालत गेलो. आपल्याकडच्या नगरपालिकेच्या क्रीडासंकुलासारखंच दिसतं. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, गाड्या लावायची जागा, आणि मागं उघड्यावर सायकलचा ट्रॅक. एक फेरी ४६० मीटरची. वळणांवर कडा थोड्या उचललेल्या, पण टीव्हीवर दिसतात तशा भिंतीसारख्या नाहीत. भोवती घरं. कुणाच्या तरी माडीच्या खिडकीतून पोरांचा सराव दिसत असणार, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वरून.

इथं आधी मातीची खाण होती. विटांसाठी माती काढून काढून खड्डा झाला, त्यात पाणी साठलं, त्यात माणसं बुडायला लागली. मग तो बुजवून १९५१ मध्ये मैदान केलं. १९५८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत सायकलच्या शर्यती इथंच झाल्या. या स्पर्धांशी आपलाही संबंध आहे. मिल्खा सिंगनी ४४० यार्डांचं सुवर्णपदक जिंकलं ते याच कार्डिफात, आणि कुस्तीत लीला राम यांनी हेवीवेटचं. मी त्या वेळी सहा वर्षांचा. कार्डिफ हे नाव त्याच वेळी घरात कुणीतरी मोठ्यानं वाचलं असेल, पण आठवण म्हणाल तर काही नाही.

गेराइंटचं मूळ घर इथून लांब नाही, बर्चग्रोव्हमध्ये. लहानपणी तो इथं पोहायला यायचा आणि बाजूला पोरं सायकल चालवताना दिसली, म्हणून 'मेंडी फ्लायर्स' या क्लबात शिरला, असं सांगतात. त्याच क्लबातून एलिनॉर बार्कर आणि ओवेन डूल आले; दोघांनीही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सांघिक पर्स्यूटचं, म्हणजे ट्रॅकवरच्या पाठलागाच्या शर्यतीचं, सुवर्ण मिळवलं. ल्यूक रो इथलाच. तो यंदा गेराइंटच्याच संघात होता, त्याच्यासाठी वारा कापायला. म्हणजे संघातल्या त्या आठांतले दोघं या ४६० मीटरच्या फेरीतून गेलेले.

संध्याकाळी दहा-बारा पोरं ट्रॅकवर होती. सगळ्यात लहान पोरगी असेल आठेक वर्षांची. हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं, सॉक एक वर एक खाली. शिकवणारा माणूस मधे उभा राहून तिला ओरडून सांगत होता की पुढच्याच्या चाकाकडं बघू नकोस, त्याच्या पाठीकडं बघ. ती दोन मीटर मागं राहायची, घाबरायची, अजून मागं पडायची. चौथ्या का पाचव्या फेरीला एकदम चिकटली, आणि मग तिचे पाय सुटल्यासारखे हलके फिरायला लागले. तिला वारा लागायचा थांबला ते आम्हाला कुंपणाबाहेरून दिसलं. जावईबापूंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ट्रक सापडला तिला.

कुंपणाला टेकून जावईबापूंनी गेराइंटच्या दुखापतींची यादी म्हणून दाखवली, आरती म्हणावी तशी, कुठंही न अडखळता. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात सराव करताना पडला, प्लीहा काढावी लागली. २०१३ च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी, कॉर्सिकात, कंबरेचं हाड मोडलं. तसाच उरलेले वीस टप्पे चालवत पॅरिसला गेला. २०१५ ला उतारावर धक्का लागून टेलिफोनच्या खांबावर आपटला आणि खड्ड्यात. २०१७ ला पहिला टप्पा जिंकून पिवळी जर्सी घातली आणि नवव्या टप्प्यात गळपट्टीचं हाड मोडून घरी. आणि या सगळ्या टूरांच्या आधी, २००७ ची त्याची पहिली टूर. शेवटी उरले १४१ जण. त्यात त्याचा नंबर १४०.

नातू हे सगळं ऐकत होता असं वाटलं नव्हतं. म्हणाला, "मग १४१ नंबरवाला आता काय करतो?"

जावईबापूंना उत्तर देता आलं नाही.

परतताना बसनं व्हिटचर्चची शाळा बाहेरून बघून आलो. सुट्टी असल्यामुळं फाटक बंद. साधी सरकारी शाळा. गेराइंट इथला, रग्बीचा माजी कप्तान सॅम वॉरबर्टन इथला, आणि फुटबॉलवाला गॅरेथ बेल इथला, सगळे तीन-चार वर्षांच्या आत. पाणी कुठलं पितात, असं हिनं विचारलं. मला वाटतं पाण्यापेक्षा मेंडीसारखी मैदानं बघावीत. पण तिच्याशी वाद कोण घालणार.

गुरुवार, ९ ऑगस्ट

कार्यक्रम असा जाहीर झालेला: सव्वाचारला कार्डिफच्या बंदरावर सेनेदमध्ये, म्हणजे वेल्सच्या विधानसभेत, स्वागत, तिथून शहरात येऊन सेंट मेरी स्ट्रीट आणि हाय स्ट्रीटनं सायकलवरून किल्ल्यापर्यंत, सव्वापाचला किल्ल्यापाशी सत्कार. आमच्यात सकाळीच दोन पक्ष पडले. बंदरावर याच आठवड्यात आइस्टेदवोद चालू होतं. आइस्टेदवोद म्हणजे वेल्श भाषेचं साहित्य संमेलन, भजन स्पर्धा आणि गावची जत्रा एकत्र केल्यावर जे होईल ते. एरवी ते कुरणावर तंबू ठोकून होतं, यंदा शहरात, बंदराच्या चौकात, फुकट प्रवेश. हिला ते सोडवेना. म्हणून ही आणि लेक बंदरावर थांबणार आणि सेनेदच्या पायऱ्यांवर गेराइंट बघणार. आम्ही तिघं पुरुष रस्त्यावर.

सकाळी सगळेच बंदरावर गेलो होतो. जुन्या गोदीच्या जागी आता मोठा लंबगोल चौक आहे, एका कडेला सेनेदचं लाकडी लाटांचं छत, आणि शेजारी ते प्रचंड नाट्यगृह, ज्याच्या कपाळावर माणसाएवढ्या अक्षरांत कविता कोरलीय. अक्षरं म्हणजेच खिडक्या. एकेकाळी जगभर कोळसा इथून जायचा. मुंबईत येणाऱ्या आगबोटींच्या बॉयलरात वेल्सचा कोळसा जळायचा आणि त्या बोटींवर आपल्या कोकणातले खलाशी असायचे. त्यांच्यातल्या कुणी या चौकाच्या जागी उभं राहून पाऊस बघितला असेल. आज चौकात शंभर पोरं एका सुरात गात होती, आणि भाषा एकही शब्द न कळणारी.

दोनलाच आम्ही सेंट मेरी स्ट्रीटला जाऊन उभे राहिलो. माझा हिशोब वारीचा होता. पालखी चारला येणार असेल तर एकला जागा धरावी. हिशोब बरोबर होता, पण गोऱ्या लोकांची उंची मी धरली नव्हती.

रस्ता बंद केलेला, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. पहिल्या रांगेत जागा मिळाली नाही. दुसऱ्या रांगेत मिळाली, आणि साडेतीनपर्यंत ती चौथी झाली. कशी ते सांगता येत नाही. आपण जागचे हलत नाही आणि तरी मागं जातो. पिवळ्या रंगाचं जे जे काही घरात असेल ते लोकांनी अंगावर घातलं होतं. रस्ता झाडणाऱ्याचं चमकणारं जाकीट, पावसाळी कोट, स्वयंपाकाचा एप्रन. कॉलेजच्या चार पोरांनी पांढऱ्या शर्टांवर लाल ठिपके काढून आणले होते, डोंगरांच्या राजाचे, म्हणजे टूरमध्ये चढाला सगळ्यात भारी ठरणाऱ्याच्या जर्सीवर असतात तसे, पण मार्कर बहुधा संपला, कारण चौथ्याला ठिपके फक्त पुढं. एका कुत्र्याच्या गळ्यात पिवळा रुमाल. आणि सगळीकडं लाल ड्रॅगन.

माझ्या शेजारी एक म्हातारी बाई घडीच्या स्टुलावर बसली होती. ऐंशीच्या घरातली. मांडीवर डबा. मी नातवाला सांगत होतो, "आता जेरेंट येईल हं." तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "गे. गेटमधला ग. गे-राइंट." मी म्हणून दाखवलं. तिला पटलं नाही. पुन्हा म्हणायला लावलं. शाळेत बाईंनी उठवून उभं केल्यासारखं वाटलं. मग मीही 'अराफ'ची शंका काढली. ती हसली. वेल्शमध्ये एक एफ म्हणजे व, त्यामुळं 'अरव'. दोन एफ आले तर फ. आणि दोन एल आले की जीभ टाळूला लावून बाजूनं नुसती हवा सोडायची. मी तिला आपला ळ म्हणून दाखवला. 'बाळ', 'केळ', 'टिळक'. तिला तो जमेना, तेव्हा आमची फिटंफाट झाली.

डब्यात वेल्श केक होते. तव्यावर भाजलेल्या जाडसर टिकल्या, मनुका घातलेल्या, वर साखर. आपल्या सांज्याच्या पोळीची आणि बिस्किटाची सोयरीक झाली तर अशी पोरं होतील. मी तिला खाकरा दिला. तिनं वास घेतला, अर्धा मोडून पर्समध्ये ठेवला, 'नंतर' म्हणाली.

तुम्ही कुठून आलात, असं तिनं विचारलं. भारतातून, महाराष्ट्रातून, कराडातून. तिकडं सायकलीचं वेड आहे का? मी म्हटलं, आमच्याकडं कुस्तीचं. आणि मग मला राहवेना. मी तिला खाशाबांचं सांगितलं.

माझा जन्म १९५२ चा. त्याच वर्षी जुलैत खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारतातलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गाव गोळेश्वर, आमच्या कराडला खेटून. ते परत आले तेव्हा स्टेशनापासून शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले म्हणतात. आमच्या अण्णांची गाडी त्यात होती, असं अण्णा सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. आमच्या भागातला ज्याच्या घरी बैल होता असा प्रत्येक माणूस हेच सांगतो, आणि सगळ्यांचं खरं धरलं तर त्या दिवशी हजारभर गाड्या झाल्या असत्या. मी काही महिन्यांचा, आईच्या मांडीवर. म्हणजे मीही होतो, असं मी सांगतो.

हे सगळं माझ्या मोडक्या इंग्रजीत. बाईनं मन लावून ऐकलं. तिचा पहिला प्रश्न: "त्याला तिथवर जायला पैसे कुणी दिले?"

मी गप्पच झालो. हा प्रश्न मला कराडात कुणी विचारला नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते कर्ज फेडलं. बैलगाड्या सात तास चालल्या त्या आनंदाच्या खऱ्याच; पण जाताना त्या माणसाच्या मागं कोण होतं तर गावची वर्गणी आणि एक प्राचार्य. मेंडीचा खड्डा या लोकांनी गेराइंट जन्मायच्या पस्तीस वर्षं आधी बुजवून ठेवला होता. काल कुंपणाला टेकल्यापासून हेच माझ्या डोक्यात घोळत होतं, आणि आज ते एका म्हातारीनं एका प्रश्नात काढून दाखवलं.

मी तिला प्राचार्यांचं सांगितलं. ती म्हणाली, मग बैलगाडीत त्या प्राचार्यांना बसवायला हवं होतं. मला वाटतं बसवलं नसावं.

एवढ्यात लेकीचा फोन. मागं गोंगाट. "बाबा, दिसला! आईला पण दिसला! आत्ता इथून निघाला, तुम्ही पुढं सरका!" पुढं सरका म्हणे. इथं हात खिशातून बाहेर काढायची सोय राहिली नव्हती. जावईबापूंनी नातवाला खांद्यावर घेतलं. मी टाचा उंचावल्या आणि तसाच राहिलो. सहासष्टाव्या वर्षी पोटऱ्या किती वेळ साथ देतात ते या निमित्तानं कळलं.

आधी आवाज आला. रस्त्याच्या खालच्या टोकाकडून तो सरकत सरकत वर आला, एकामागून एक दुकानांची शटर ओढावीत तसा. सगळे हात वर गेले, प्रत्येक हातात फोन. त्यामुळं मला जे दिसलं ते आधी पुढच्या माणसाच्या फोनच्या पडद्यावर दिसलं, बोटाएवढं. मग दोन डोक्यांच्या मधे फट पडली आणि त्या फटीतून एक माणूस गेला. सडपातळ, ताठ, हसत. एक हात वर. सायकल दिसली नाही, फक्त माणूस हवेत सरकल्यासारखा पुढं गेला. चार सेकंद. पाच म्हणा फार तर. पंढरपूरला पदस्पर्शाच्या रांगेला अठरा-वीस तास लागतात म्हणून लोक मुखदर्शन घेऊन परततात, त्यातलाच प्रकार.

"आजोबा," वरून नातू ओरडला, "तो खूपच हळू चालवतोय! मी पण त्याला मागं टाकलं असतं!"

आजूबाजूला मराठी कुणाला कळत नव्हतं ते एक बरं.

स्टुलावरच्या बाईला काहीच दिसलं नसणार. ती उभीसुद्धा राहिली नव्हती. मी तिला म्हटलं, तुम्हाला दिसला का? ती म्हणाली, मी त्याला फार वेळा बघितलाय. बर्चग्रोव्हची होती ती. तो शाळेत असल्यापासून ओल्या कपड्यांनी रस्त्यानं सायकल हाणत जायचा, दिव्याशिवाय. दिव्याशिवाय, हे तिनं दोनदा सांगितलं. राग अजून गेला नव्हता.

पुढचा कार्यक्रम किल्ल्यापाशी, पण तिकडं सरकायची सोय नव्हती. त्याचा आवाज कर्ण्यांतून भिंतींवर आपटून आमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं यायचा. लोक हसले की आम्ही हसायचो. नंतर गर्दी पांगल्यावर किल्ल्यापर्यंत चालत गेलो. रस्त्यावर पिवळे कागद. किल्ल्याच्या भिंतीवर दगडी प्राणी बसवलेत, सिंह, अस्वलं, माकडं, भिंतीवरून खाली वाकून बघत असलेली. त्यांना सगळ्यात चांगली जागा मिळाली होती.

शुक्रवार, १० ऑगस्ट

अंग मोडून आलं होतं. तरी भाड्यानं सायकल काढली, टाफ नदीच्या काठच्या वाटेनं जायला. ही वाट कार्डिफहून ब्रेकनपर्यंत ५५ मैल जाते. आम्ही दहाएक किलोमीटर गेलो, कास्टेल कोख नावाचा परीकथेतला लाल किल्ला झाडीतून दिसला तिथपर्यंत. शेवटचा चढ मी सायकल हातात धरून चढलो. सहावीत असताना तासाच्या भाड्यावर सायकल आणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायला शिकलो होतो. त्या सायकलीला ब्रेक नव्हता. या सायकलीला सगळं होतं, फक्त गुडघे माझे होते.

संध्याकाळी हिच्याकडून खरी बातमी. तिला आइस्टेदवोदच्या खुर्ची-समारंभाचं तिकीट मिळालं होतं. कवी टोपणनावानं, कडक छंदात लिहिलेली कविता पाठवतात. निकालाच्या दिवशी सभागृहात अंधार करतात, फक्त टोपणनाव पुकारतात, तुतारी वाजते, आणि प्रेक्षकांत कुठंतरी एक माणूस उठून उभा राहतो. तोवर शेजारच्यालाही पत्ता नसतो. यंदा उठला तो ग्रिफिद ओवेन. त्याला मंचावर नेतात, डोक्यावर अर्धी तलवार उपसतात आणि लोकांना तीनदा विचारतात, 'शांती आहे का?' सगळं सभागृह 'शांती' म्हणून ओरडतं, तेव्हा तो खुर्चीत बसतो. खुर्ची खरीच, लाकडी, घरी न्यायची. लायक कविता आली नाही तर खुर्ची कुणालाच देत नाहीत. २०१३ मध्ये तसंच झालं होतं.

ही म्हणाली, "आपल्या संमेलनात असं करायला हवं."

मी म्हटलं, "काय, खुर्ची कुणालाच द्यायची नाही?"

रात्री वाद बराच वेळ चालला. गेराइंटचा विषय निघालाच नाही.

शनिवार, ११ ऑगस्ट

परत. वाटेत न्यूपोर्ट लागतं. तिथल्या बंदिस्त सायकल ट्रॅकला आता गेराइंटचं नाव देणार आहेत. थांबलो नाही, नातू झोपला होता. पुलावर टोल नाही. जावईबापूंनी आरशातून माझ्याकडं बघितलं, मी काही बोललो नाही.

ब्रिस्टलला पोचून कराडला फोन लावला. पलीकडं माझा बालमित्र, गोळेश्वरचा. तिकडं रात्र झाली होती, पण तो वाटच बघत असावा.

"काय, दिसला का तुझा सायकलवाला?"

"दिसला. चार सेकंद."

"गर्दी?"

"मरणाची."

"बैलगाड्या किती होत्या?"

"एकही नाही. तो स्वतःच सायकल चालवत आला."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाहुण्यालाच राबवला म्हण की."